सात सेकंद थांबा

२६ फेब्रुवारी

ब्रेंडाचा फोन आला होता. माझ्या साठीची भेट माझ्या धाकट्या बहिणीने चार महिने आधीच ठरवून टाकली आहे: तिच्या गॅरेजातली खोली. "रंग दिलाय नोरीन, हीटर बसवलाय. आता पुरे झालं तुझं चीन." जशी काही मी चौदा वर्षं इथे सहलीला आले आहे! मी म्हटलं, बाई गं, अठरा जूनला साठ वर्षांची होतेय, मरत नाहीये.

फोन ठेवला आणि मग मात्र हिशेब करायला बसले. साठ पूर्ण झाली की परदेशी शिक्षकाचा परवाना संपतो. विद्यापीठाने मनावर घेतलं, "या बाईंवाचून आमचं अडतं" असं पत्र वर पाठवलं, तर वर्षभर वाढवून मिळतो. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या जर्मन म्हाताऱ्याला दोनदा मिळाला, आणि तो तर वर्गात पेंगायचा. माझं पत्र लियांग साहेबांच्या हातात आहे. ते विभागप्रमुख. इंग्रजी त्यांना मीच सुधारून दिलं, ही गोष्ट वेगळी.

मला जायचं नाही. ब्रेंडाच्या गावी, तिकडे दक्षिण गोलार्धातल्या बॅलरॅटमध्ये, मला ब्रेंडा सोडून काळं कुत्रं ओळखत नाही. इथे शेवयावाली सुद्धा मी दिसले की न विचारता तिखट जास्त घालते.

५ मार्च

लियांग साहेबांकडे जाऊन आले. मी तोंड वाजवलं नाही, अगदी मऊ बोलले. त्यांनी स्वतः चहा ओतला, संत्री सोलून पुढे ठेवली. पत्राचं काढलं तर म्हणाले, "बघू या, नोरीनबाई. यावर नीट अभ्यास करायला हवा. तुमची तब्येत महत्त्वाची. मनाला लावून घेऊ नका."

नाही म्हणाले नाहीत! मी तर पायऱ्या तरंगतच उतरले.

खाली पेई भेटली. पेई म्हणजे आमच्या विभागातली सगळ्यात लहान शिक्षिका, वय सत्तावीस, नोकरी कच्ची, म्हणून सगळ्यांची हरकामी. माझे कागद, माझा गॅस, माझं दाताचं दुखणं, सगळं तिच्याच गळ्यात. तिला सांगितलं, साहेब अभ्यास करतो म्हणाले. ती बुटांकडे बघत म्हणते कशी, "बाई, तुमच्या बहिणीकडे थंडी फार असते का हो?"

काय संबंध? या पोरीला बोलण्याचं ताळतंत्र नाही.

१२ मार्च

पहिल्या वर्षाच्या वर्गात ज्युपिटरला तास संपेपर्यंत उभं ठेवलं. खरं नाव मो श्याओयान, पण पहिल्या दिवशी इंग्रजी नाव निवडा म्हटल्यावर या उंदरासारख्या मुलीने सगळ्यात मोठा ग्रह निवडला. वर्षभरात तिने एक अख्खं वाक्य बोललेलं नाही. मी प्रश्न विचारते, ती उभी राहते, ओठ हलतात, आवाज नाही. मी म्हटलं, उत्तर येईपर्यंत बसायचं नाही. उत्तर आलं नाही, तास संपला. इतर पोरं टेबलाखाली बघत होती.

लोक म्हणतील खाष्ट आहे. आहेच. उगीच गोंजारून भाषा येत नसते. चौदा वर्षांत मी "व्हेरी गुड" किती वेळा म्हटलं असेल? बोटांवर मोजण्याइतकं. पण ज्याला म्हटलं तो अजून पत्र पाठवतो.

१९ मार्च

आनंदाची बातमी! लियांग साहेबांनी स्वतः बोलावून घेतलं. दुसऱ्या वर्षाचा माझा संभाषणाचा पूर्ण कोर्स चित्रित करायचा आहे. बत्तीस पाठ. "तुमच्यासारखं दुसरं कोणी शिकवत नाही, नोरीनबाई. हे जपून ठेवायला हवं." वर माझा मोठा फोटोही मागितला, मुख्य इमारतीतल्या मानाच्या भिंतीसाठी. त्या भिंतीवर आजवर एकही परदेशी माणूस नाही.

ज्याला घालवायचं त्याचे कोणी बत्तीस पाठ चित्रित करत बसेल का? मुद्दाम पुन्हा विचारलं नाही. समजून घ्यायचं असतं. इतकी वर्षं इथे राहून एवढं तर मला कळतं.

मे अखेरपर्यंत संपवायचंय. पेईला माझ्या मदतीला दिली आहे. तिला सांगितलं तर तिचा चेहरा पडला. काम वाढलं की यांची तोंडं वाकडी.

७ एप्रिल

पूर्वजांच्या समाध्या झाडायच्या सणाची सुट्टी आज रविवारी काम करून भरून काढली, हा इथला नेहमीचा चावटपणा. सकाळी वर्ग, दुपारी चित्रीकरण.

ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला खोली दिली आहे. निळा पडदा, तीन दिवे, एक कॅमेरा आणि दोंग नावाचा तंत्रज्ञ, जो सारखा सूर्यफुलाच्या बिया सोलत असतो. समोर रिकाम्या खुर्च्या. मी पहिल्याच पाठात अडले. प्रश्न विचारला आणि सवयीने उत्तराची वाट बघत बसले.

दोंग म्हणाला, "बाई, प्रश्न विचारलात की सात सेकंद थांबा. मग 'व्हेरी गुड' म्हणा, जरा हसा, आणि पुढे चला."

"उत्तर ऐकल्याशिवाय व्हेरी गुड कसं म्हणू?"

"समोर कोणीच नाही बाई, चुकणार कोण?"

पेई खुदकन हसली, मग माइकची वायर तपासू लागली. मलाही हसू आलं. म्हटलं, ठीक आहे. सात सेकंद मनात मोजले, त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून "व्हेरी गुड" म्हटलं. तोंडात साबण गेल्यासारखं वाटलं. पण एका पाठात दहा वेळा म्हणायचं म्हणजे सवय होईलच. बाराव्या मिनिटाला खोकला आला, तोंडातून सॉरी निघून गेलं. दोंग म्हणाला राहू दे, खरं वाटतं.

२९ एप्रिल

अकरा पाठ झाले. निळा ब्लाऊज शिवून घेतला, मागच्या निळ्या पडद्याला साजेल म्हणून. त्या नव्या निळ्यामुळे दिव्यात माझी कानशिलं हिरवी दिसली, तेव्हा परत जुनाच घातला. शिंप्याशी भांडले.

काल विद्यापीठाच्या घरव्यवस्थेची दोन माणसं गॅस तपासायला आली. गॅसकडे ढुंकूनही न बघता त्यांनी झोपायच्या खोलीची भिंत मोजली, खिडकी मोजली, पडद्यांचा रंग विचारून वहीत लिहिला. मी म्हटलं, नवं कपाट देताय की काय? दोघं एकमेकांकडे बघून म्हणाले, हो हो, कपाट. सात वर्षं मी कपाट मागतेय! पत्राचा वास लागला की सगळे कसे सुतासारखे सरळ होतात.

पेईला कौतुकाने सांगितलं. तिने पाण्याचा थर्मास खाली ठेवला आणि विचारलं, "बाई, चौदा वर्षांचं सामान बांधायला किती दिवस लागत असतील?"

"कपाट यायचंय गं, घर नाही बदलायचं."

"तसंच आपलं विचारलं."

तिच्या डोक्यात कायम काहीतरी भलतंच चालू असतं. लग्न जमत नाही म्हणून असेल.

१३ मे

एकोणीस झाले. आवाज बसला आहे, पण मी थांबत नाही. मे अखेर म्हटलं म्हणजे मे अखेर. आपलं काम चोख असलं की समोरच्याला नाही म्हणता येत नाही.

पेईची भुणभुण चालूच आहे. "बाई, एवढी घाई कशाला? तब्येत सांभाळा. थोडे पाठ सप्टेंबरात केले तर?" मी म्हटलं, मला कामचुकारपणा चालत नाही. तर म्हणते, "काम अर्धं असलं की माणसाला कोणी सोडत नाही ना, बाई."

म्हणजे हिला सुटका हवी आहे! मग सरळ सांगावं ना, मला कंटाळा आलाय म्हणून. या लोकांचं हेच मला आवडत नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं.

२० मे

संतापाने अक्षर वेडंवाकडं येतंय.

वीस, एकवीस, बावीस, तेवीस. चार पाठांत आवाजच नाही! माइक बंद. दोंगने आज तपासलं तेव्हा कळलं. चार पाठ मी माशासारखी तोंड उघडतेय आणि मिटतेय. माइक तपासण्याचं काम पेईचं. तिच्या वहीत प्रत्येक पाठापुढे खूण केलेली आहे: आवाज ठीक. चारही वेळा!

विचारलं, काय गं हे? "माफ करा बाई, विसरले." चार वेळा विसरलीस? मान खाली. "आता वेळ कमी आहे. हे चार सप्टेंबरात करू या ना, बाई. साहेबांना मी सांगते, माझी चूक म्हणून सांगते."

स्वतःच्या चुकीवर माझंच काम पुढे ढकलायला निघाली! माझं डोकं फिरलं. तशीच तडक लियांग साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. खूण केलेली वहीसुद्धा दाखवली. साहेबांनी वही उलटसुलट करून पाहिली, बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "छोट्या पेईचं मन कामात नाही असं दिसतं. आम्ही लक्ष घालू."

या वेळी "अभ्यास करू" म्हणाले नाहीत.

२४ मे

पेईला माझ्याकडून काढून मुलींच्या वसतिगृहाच्या देखरेखीवर टाकलं. वूहानला वर्षभराच्या प्रशिक्षणाला तिचं नाव गेलं होतं, तेही मागे घेतलं म्हणे. हे मला दोंगकडून कळलं. त्या प्रशिक्षणाशिवाय तिची नोकरी पक्की होणं कठीण.

जरा जड वाटलं. एवढं होईल असं मला वाटलं नव्हतं. पण मी काही खोटं सांगितलं नाही. आणि चुका झाकत बसलं तर शिकणार कधी? मी कोणाला झाकलं नाही आणि मलाही कोणी झाकू नये.

संध्याकाळी दारापाशी लिचीची पिशवी ठेवलेली होती. चिठ्ठी नाही. पेईच ठेवते, दर वर्षी. मी अजून खाल्ली नाही.

३१ मे

संपलं! बत्तीसच्या बत्तीस. ते चार पाठ मी तीन दिवसांत परत केले, गरम पाण्यात मध घालघालून. शेवटच्या पाठाला दोंगने बिया बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या.

लियांग साहेब स्वतः खोलीवर आले. दोन्ही हातांनी माझा हात धरला. "नोरीनबाई, तुम्ही आमची मोठी काळजी मिटवलीत."

ब्रेंडाला कळवलं की गॅरेजात सायकली ठेव.

५ जून

लियांग साहेबांनी बोलावलं. टेबलावर जांभळट लाल यांगमेई फळांची परडी होती, मीठ लावून धुतलेली. मी दोन खाल्ली. तिसरं हातात असताना ते म्हणाले, वयाचा नियम आहे, वरून फार कडक झालंय, आम्ही खूप अभ्यास केला.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, पत्र कधी जाईल?

"तुम्ही गेलात तरी आमच्यातच राहाल," ते म्हणाले. "सप्टेंबरपासून दुसऱ्या वर्षाला तुमचेच पाठ दाखवणार आहोत. तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोण शिकवणार?"

ते यांगमेई माझ्या मुठीत फुटलं. साहेबांनी लगेच कागदी रुमाल पुढे केला. फार नम्र माणूस.

मी विचारलं, "हे कधी ठरलं?"

ते म्हणाले, "हिवाळ्यात."

हिवाळ्यात. म्हणजे मार्चमध्ये मी चहा पीत होते तेव्हा ठरलेलं होतं. भिंत मोजली तेव्हा ठरलेलं होतं. मी निळा ब्लाऊज शिवून घेत होते तेव्हा ठरलेलं होतं. मी, नोरीन टली, चौदा वर्षं चीनमध्ये, बत्तीस वेळा कॅमेऱ्यापुढे बसून स्वतःच्या पायावर धोंडा पाडला, आणि एकेका धोंड्यानंतर हसून व्हेरी गुड म्हटलं.

१० जून

नौकांच्या शर्यतींचा सण. नदीवर ढोल वाजताहेत, मी गेले नाही. विद्यार्थ्यांनी बांबूच्या पानात बांधलेल्या चिकट भाताच्या पुड्या आणून दिल्या, ढीगभर. रडवेले होऊन उभे होते. मी म्हटलं, निघा, परीक्षा जवळ आली आहे.

सगळ्यात शेवटी ज्युपिटर आली. पुडी दिली, ओठ हलवले. मी वाट बघितली. खरंच बघितली, सात सेकंदांहून जास्त. काही आलं नाही. वाकून नमस्कार करून पळाली.

चौदा वर्षं शिकवून मला एका मुलीला निरोपाचा शब्द बोलायला शिकवता आला नाही.

१८ जून

साठ. निरोपाचं जेवण आणि वाढदिवस एकात उरकला. दाराकडे तोंड करून मानाच्या खुर्चीत मला बसवलं, दीर्घायुष्याच्या लांब शेवया पुढे ठेवल्या, तुटू न देता खायच्या. लियांग साहेबांनी तीनदा पेला उचलला, प्रत्येक वेळी अदबीने आपला पेला माझ्या पेल्याहून खाली धरला. मखमली डब्यात मानपत्र. मानाच्या भिंतीवर माझा फोटो लागला आहे. भिंत सेवानिवृत्तांची आहे हे मला आज कळलं.

पेई दाराजवळच्या खुर्चीत होती, वाढप्यांकडून ताटं घेऊन पुढे सरकवायची ती जागा. अख्ख्या जेवणात तिने मान वर केली नाही. मला एकदा वाटलं, जाऊन बोलावं. काय बोलणार? चूक तिचीच होती.

उठताना तिने माझी छत्री हातात दिली आणि हळूच म्हणाली, "बाई, तिकडे आता हिवाळा ना? गळ्याला काही बांधा."

२७ जून

तेवीस खोकी. सामान बांधायला नऊ दिवस लागले.

चादरी शेवयावालीला दिल्या. तिने शेवटच्या वाडग्यात तिखट इतकं घातलं की डोळ्यांतून पाणी आलं, दोघींच्याही. "आता तुमच्या गावात कोण देणार असं?" म्हणाली. कोणी नाही गं.

१० सप्टेंबर, बॅलरॅट

अडीच महिने वहीला हात लावला नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. हीटर चालतो. ब्रेंडा चांगली आहे. दुकानातली मुलगी मला रोज नव्याने विचारते, कुठून आलात?

आज तिकडे शिक्षक दिन. सकाळपासून फोनवर फुलांची चित्रं येत होती, जुन्या विद्यार्थ्यांची. दुपारी पेईचा निरोप आला. जूननंतरचा पहिलाच. उतरवून ठेवते:

"बाई, शिक्षक दिनाच्या शुभेच्छा. दर मंगळवारी तुमचे पाठ पडद्यावर लावायचं काम आता माझ्याकडे आहे. आज दुसरा पाठ झाला. तुम्ही प्रश्न विचारता आणि थांबता. पहिल्या आठवड्यात मुलं हसली. मग बाराव्या मिनिटाला तुम्ही खोकलात तेव्हा गप्प झाली. आज तुम्ही विचारलंत, सुट्टीत काय केलं? तर ज्युपिटर उभी राहिली. मोठ्याने बोलली, पूर्ण वाक्य. दोन चुका होत्या. तुम्ही हसलात आणि व्हेरी गुड म्हणालात. ती रडायला लागली. मग पुढच्या सगळ्या प्रश्नांना तिनेच उत्तरं दिली."

मी ते किती वेळा वाचलं असेल. मी समोर असताना जी मुलगी तोंड उघडत नव्हती, ती माझ्या चित्राशी बोलते. चित्र तिला उभं ठेवत नाही. चित्राला तिच्या चुका ऐकूच येत नाहीत. मी आणि पडद्यावरची नोरीन, आमच्या दोघींत शिक्षिका म्हणून तीच बरी म्हणायची. ब्रेंडाने दार वाजवलं, चहा हवा का विचारलं. नको म्हटलं.

खाली पेईने आणखी एक ओळ लिहिली होती. ती आधी माझ्या नजरेतून सुटली.

"ते चार पाठ राहिले असते तर तुम्हाला आणखी एक सत्र ठेवून घ्यावं लागलं असतं, असं मला वाटलं होतं. माझं चुकलं. माफ करा."

मागची पानं उलटून वीस मे पुन्हा वाचला. चार खुणा, आवाज ठीक, चार वेळा. वही मी स्वतः नेऊन दाखवली होती. वूहान गेलं तिचं. आणि ती माझीच माफी मागते आहे!

मग मला तिचाच राग आला, खरं सांगते. इतकं सगळं माहीत होतं तर तोंडाने बोलली का नाही? मी रागारागाने लिहिलं: "अगं, मग मला सरळ सांगितलं का नाहीस?"

ती लिहीत असल्याची खूण दिसली, गेली, पुन्हा दिसली. मी वाट बघत होते. सात सेकंदांहून कितीतरी जास्त.

मग आलं.

"सांगितलं होतं, बाई. पुष्कळदा."